सिमेंटची सायकल

बायडाबाईला शेणाची किळस कधी आली नाही. जन्म गोठ्यात गेला, उकिरडा हातानं उपसला, मेलेलं वासरू पायाला धरून ओढ्यापर्यंत ओढत नेलं, तरी नाकाला पदर लावला नाही. किळस तिला यायची ती माणसांची, आणि त्यातही फटफटीवर बसलेल्या माणसांची.

सकाळी ओट्यावर बसून ती मिश्री लावायची तेव्हा शेजारचा गहिनीनाथ गाडी बाहेर काढायचा. जायचं कुठं, तर फाट्यावरच्या हॉटेलात चहाला. फाटा वस्तीवरून दिसतो. इथून खडा भिरकावला तर हॉटेलच्या पत्र्यावर वाजावा, इतका जवळ. तेवढ्यासाठी हा गडी गाडी पुसणार, किक मारणार, ती चालू झाली नाही की गाडीच्या आईबापाचा उद्धार करणार, आणि शेवटी धुराचा लोट बायडाबाईच्या अंगणात सोडून जाणार. परत येताना तोच धूर.

"गहिन्या, पाय गहाण टाकलेत का रं?"

"काकू, सवय झालीय आता."

"सवय न्हाई ती, कीड हाय. पायाला लागती अन् डोक्यापतुर जाती."

गहिनीनाथ हसायचा. त्याच्या सदऱ्याची शेवटची दोन बटणं पोटाला पुरत नव्हती. हा तोच गहिनीनाथ, जो पूर्वी फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा आणि वरून गाणी म्हणायचा. पोरं उसावर जायला लागली, त्यांनी याला गाडी घेऊन दिली, आणि माणूस बसला तो बसलाच. आता शेतात डबा द्यायला गाडी, देवळात नारळ फोडायला गाडी, आणि टमरेल हँडलला अडकवून जायचं तिथंही गाडीच. हे शेवटचं बायडाबाईनं डोळ्यानं पाहिलं त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नव्हती.

दसरा-दिवाळी झाली की या भागातली निम्मी घरं रिकामी होतात. धडधाकट माणसं उसतोडीला जातात, मागं उरतात म्हातारी आणि शाळेची पोरं. बायडाबाईचा मुलगा कल्याण आणि सून ज्योती धाकट्या पोराला घेऊन कारखान्यावर गेली होती. मोठी संस्कृती आठवीला. तिची शाळा बुडू नये म्हणून बायडाबाई तिला घेऊन वस्तीवर राहिली होती. पोरीला शाळेतून सायकल मिळाली होती. काळी, दणकट, घंटी तेवढी पहिल्या आठवड्यातच कुणीतरी काढून नेलेली. पोर तिला रोज पुसायची, आणि बायडाबाईला ते बघून बरं वाटायचं. एवढ्या वस्तीत स्वतःच्या पायानं चालणारी दोनच माणसं उरली होती, एक म्हातारी आणि एक ही.

वस्तीवरून गावातल्या शाळेला जायला रस्ते दोन. एक डांबरी, फाट्यावरून टेकडीला मोठा वळसा घालून जाणारा. दुसरी पाणंद, ओढ्याच्या कडेकडेनं सरळ गावात शिरणारी. पाणंदीनं गेलं तर अंतर निम्म्याच्याही आत. पण पोर जायची डांबरीनं, आणि एका संध्याकाळी ती सायकल हातात धरून लंगडत आली. गुडघा फुटलेला, ओढणी फाटलेली, मडगार्ड वाकडं झालेलं.

"काय झालं गं?"

"ट्रॅक्टर, आजी. दोन ट्रॉल्यांचा. गाणी इतकी मोठ्यानं लावली हुती, त्याला काय ऐकू येतंय! उसाचं टिपरू बाहेर आल्तं, त्यात ओढणी अडकली. मी रस्त्याकडच्या चारीत पडले, म्हणून वाचले."

बायडाबाईनं हळद दाबली. ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा एकेक करून समाचार घेतला. कल्याणला हे कळवायचं नाही, असं तिनं मनात ठरवलं. पण फाट्यावरच्या हॉटेलात गहिनीनाथ होता, आणि त्याचे पाय चालत नसले तरी जीभ चालत होती. भाकरी तव्यावर पडायच्या आत कल्याणचा फोन आला.

"आय, रविवारी मुकादमाचा टेम्पू येतोय माणसं न्यायला. संस्कृतीला त्यात बसवून दे."

"आन् शाळा?"

"जित्ती ऱ्हायली तर शाळा! हितं कोपीवर ऱ्हाईल, बारक्याला संभाळील. डोळ्यासमोर तरी असंल."

फडाकडच्या पाचटाच्या कोपीवर राहील म्हणजे काय होतं, हे बायडाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या सालात पोर भावंडं सांभाळते. दुसऱ्या सालात उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधते. मग मुकादम म्हणतो, पोरगी उफाड्याची झाली, हिला जोडीदार बघा, नवरा-बायको मिळून एक कोयता होईल. आणि होतो एक कोयता. बायडाबाई स्वतः तशीच कोयता झाली होती. ज्योतीही.

"डांबरीनं न्हाई जायची ती," बायडाबाई म्हणाली. "पाणंदीनं जाईल."

पलीकडून कल्याण हळू आवाजात म्हणाला, "पाणंद कुठं ऱ्हायलीय, आय?" आणि फोन ठेवला.

खोटं नव्हतं. एकेकाळी त्या पाणंदीतून समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या चाक न घासता जायच्या. मग दोन्ही बाजूंचे शेतकरी दर सालाला नांगराचं एकेक तास आत सरकले. त्यात उसाला जाताना एक रीत पडलेली. घराला कुलूप, दाराशी काटेरी फांद्यांची काटी, आणि शेताच्या कडेनं बोरीच्या वाळक्या फांद्यांची बोराटी, मोकाट गुरं शिरू नयेत म्हणून. बोराटी बांधावर टाकली तर आपली जागा जाते, म्हणून ती पाणंदीत टाकायची. समोरच्यानं पाहिलं की तो त्याची बोराटी आणखी एक हात पुढं टाकणार. कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला पाणंदीतून जात होतं कोण? सगळी गाडीवर. मोकळं माणूस लुगडं खोचून बांधावरून कसंतरी निघायचं. सायकलला मात्र वाट नव्हती. चाकात काटा गेला की दिवसभराची बोंब.

आणि वस्तीच्या टोकाला, जिथं पाणंद सुरू होते, तिथं आणखी एक गोष्ट होती. बायडाबाई तिथून जाताना मान दुसरीकडं करायची.

दुसऱ्या दिवशी ती गावात पंचायतीवर गेली. चालतच, बांधावरून, काट्यांना शिव्या घालत. सरपंच बिभीषण खुर्चीवर उभं राहून भिंतीला फलक लावून घेत होता. अक्षराला अक्षर जोडत बायडाबाईनं वाचलं, 'हरित प्रवास, निरोगी गाव'. खाली कोपऱ्यात सायकलचं चित्र आणि वर बिभीषणचा गॉगल घातलेला फोटो. चित्रातल्या सायकलपेक्षा गॉगल मोठा.

"या या मावशी! शंभर वर्षं आयुष्य. आत्ता तुमचंच नाव निघालं हुतं."

"चांगलं निघालं असंल तर भीती वाटती. काय म्हणत हुता?"

"शुक्रवारी नगरवरून समिती येतीय. गावानं गाड्या कमी करायच्या, चालायचं, सायकल चालवायची. त्यात आपलं गाव पहिलं आणायचंय. तुमचा सत्कार ठेवलाय. सगळ्या गावात पायी हिंडणारं माणूस तुमीच."

बायडाबाईनं त्याच्याकडं खालून वर पाहिलं. हा पंचायतीच्या पाठीमागच्या गल्लीत राहतो आणि पंचायतीला चारचाकीतून येतो. वळवायला जागा नाही म्हणून ती उलटी चालवत नेतो.

"माझा सत्कार ऱ्हाऊ दे. पाणंद मोकळी करून दे. पोरीला शाळंला वाट न्हाई. रविवारी टेम्पू येतोय, तिचा बाप तिला उसाला न्यायचं म्हणतोय."

"मावशी, पाणंदीचे धनी सगळे उसावर. बोराट्या कुणाला इचारून काढू? होळीनंतर माणसं आली की बैठक लावतो."

"होळीनंतर पोरगी फडात असंल, मुडद्या."

"मग असं करा," बिभीषण खुर्चीवरून उतरला, "शुक्रवारी या. समितीच्या म्याडमसमोर तुमीच बोला. तुमचं ऐकतील त्या."

केवळ त्यासाठी बायडाबाई शुक्रवारी गेली. धुतलेलं लुगडं नेसली, आणि वेशीशी पोचल्यावर तिथंच थबकली.

पंचायतीपुढं चारचाक्यांची रांग लागली होती. गाड्यांत माणसं नव्हती, तरी इंजिनं चालूच, आत गारवा राहावा म्हणून. शाळेच्या पोरींना फुगे बांधलेल्या सायकली घेऊन उन्हात उभं केलेलं. त्यात संस्कृती होती, वाकड्या मडगार्डाला गुलाबी फुगा. सायकलींचा कार्यक्रम बघायला आसपासच्या वाड्यांतली पोरं फटफटी घेऊन आली होती, एकेकीवर तिघंतिघं. पंचायतीपासून डांबरावर हिरव्या रंगाचा पट्टा मारला होता. सायकलचा मार्ग म्हणे. बायडाबाईनं नजरेनं त्याचा माग काढला. पट्टा देवळाला वळला, बिभीषणच्या भावाच्या दुकानाशी आला आणि तिथं संपला. पुढं रंग नव्हता. रंग अजून ओला होता, आणि सायकली त्यावरून गेल्यावर सगळ्या गावभर हिरवी चाकं उमटत होती.

पाहुण्यांनी सायकली चालवल्या. एका जाडजूड सभासदाला दोघांनी दोन्हीकडून धरलं, तिसऱ्यानं मागून ढकललं, चौथ्यानं फोटो काढला. फोटो निघाला तसा तो उतरला आणि इतका धापा टाकायला लागला, की त्याला पाणी पाजायला माणसं धावली. पाण्याची बाटली त्यानं तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि मागं भिरकावली.

बाटली जिथं पडली, तिकडं बायडाबाईनं पाहिलं.

पाणंद गावात उघडते ते तोंड तिथं होतं. म्हणजे होतं एकेकाळी. आता त्या तोंडात सिमेंटचा ओटा बांधला होता, आणि ओट्यावर सिमेंटची भली मोठी सायकल. बांधावरून येताना बायडाबाई वेशीतून गावात शिरायची, म्हणून हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं. अंगाला हिरवा रंग, चाकं लाल. खाली लिहिलेलं, 'आमचं गाव सायकलचं गाव'. लोक तिच्यापुढं उभं राहून मोबाईलवर फोटो काढत होते. ओट्याच्या मागं पाणंदीत बाटल्या, कागदी ताटल्या, जुने फाटके फलक, गुटख्याच्या पुड्या, कोंबडीची पिसं. एक कुत्रं त्यात तोंड घालून काहीतरी ओढत होतं. ओट्याला पानाच्या पिचकाऱ्या आधीच लागल्या होत्या. रंग वाळायच्या आत गावानं त्यावर थुंकून घेतलं होतं.

बायडाबाईच्या घशाशी आंबट आलं. उकिरड्याला असं कधी झालं नव्हतं. उकिरडा कुजतो, त्याचं खत होतं, शेताला जातो. हे कशाला जाणार?

तेवढ्यात माइकवर तिचं नाव आलं. तिला खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. समितीच्या देवश्री मॅडम वयानं लहानच, बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी, या वयात तुम्ही एवढं चालता. तरुणांना काहीतरी सांगा ना."

बायडाबाई उठली. माइक तिला नको होता. तिचा आवाज ओढ्यापलीकडं गुरं हाकताना पोचायचा.

"मी चालती म्हणून शाल दिली. उद्या जेवली म्हणून देताल! पायानं चालायचं हे सांगायला तुमी गाडीत बसून आलात. त्या गाड्या अजून घुरघुरत्यात, त्या आधी बंद करा, वास यायलाय." कुणीतरी हसलं. "आन् ही सायकल उभी केलीय. सिमिटाची. ना हिला घंटी, ना ही कुठं जाती. आन् उभी कुठं केली? हिच्या मागं वाट हाय! माझी नात त्या वाटंनं शाळंला येत न्हाई, का तर वाट बुजवली. डांबरीनं येती, तर ट्रॅक्टर अंगावर येतो. परवा तिचा बाप तिला उसाला नेतोय. गाव सायकलचं म्हणताव ना? मग ह्या एका सायकलला वाट द्या. फुगं नकोत."

टाळी वाजली नाही. देवश्री मॅडमनी पदर सावरत बिभीषणला विचारलं, "सरपंच, मागे खरंच रस्ता आहे?"

बायडाबाईला वाटलं, जमलं. पण बिभीषणच्या चेहऱ्यावर हसू होतं. गुटख्यानं लाल झालेले दात दाखवत तो पुढं आला.

"हाय की म्याडम. मावशी म्हणत्यात ते शंभर टक्के खरं. पण पाणंद बुजवली कुणी, ते पण त्यांनाच इचारू." तो बायडाबाईकडं वळला. "मावशी, सगळ्यांपुढं सांगा बरं. लोकांनी नुसत्या बोराट्या टाकल्या. पण वस्तीच्या टोकाला भर पाणंदीत ज्वारी पेरलीय, ती कुणाची?"

गहिनीनाथ गर्दीत होता. त्यानं मान खाली घातली.

"बोला की," बिभीषण म्हणाला. "कल्याणचीच ना? दोन सालं झाली, हिकडल्या बांधापासून तिकडल्या बांधापतुर. आधी घरची वाट मोकळी करा, मग मी हा वटा काढतो. ह्या लोकांसमोर शब्द देतो!"

गर्दीतून हसू उठलं ते थांबेना. फटफटीवरची पोरं तर शिट्ट्या मारायला लागली. बायडाबाईनं हातातला नारळ खुर्चीवर ठेवून दिला. देवश्री मॅडम म्हणाल्या, "आजी, मग घरच्यांशी बोलून घ्या हं," आणि जेवण वाढल्याची वर्दी आली तशी सगळी मंडळी उठली. बिभीषण जवळून जाताना म्हणाला, "शाल चांगली हाय. थंडीत कामाला येईल."

गर्दी पांगल्यावर बायडाबाई बांधावरून घरी निघाली. वाटेत कुणाकुणाच्या बोराट्या, मग शेजारच्या रानातल्या सहादेवची, आणि शेवटी वस्तीपाशी आपली ज्वारी. आज तिनं मान दुसरीकडं केली नाही. ज्वारी तिच्या खांद्याच्या वर गेली होती. कणसं दाट, हुरड्यात आलेली. आसपासच्या रानात एवढी ज्वारी कुठं नव्हती, कारण ही जमीन रानाची नव्हतीच. कित्येक पिढ्यांची गुरं इथून गेली होती, त्यांचं शेण इथं मुरलं होतं. कल्याणनं नांगर घातला तेव्हा ती बांधावर उभी होती. समोरच्याच्या आधी आपण घेतली, म्हणून तिला बरंही वाटलं होतं. ते आठवलं आणि दुपारपासून घशाशी आलेलं आंबट तिनं तिथंच थुंकून टाकलं. सगळ्या गावाची किळस करत आपण हिंडलो, आणि घाण आपल्याच दारात उभी, कणसं धरून.

घरी संस्कृती पुस्तकं पिशवीत भरत होती.

"आजी, ही तिकडं न्यू का? कोपीत ठेवायला जागा असंल ना?"

"उंदरं खात्याल."

"मी उशाला ठेवीन की."

बायडाबाईनं पिशवी तिच्या हातातून ओढली आणि उलटी करून पुस्तकं खाटेवर ओतली. "काय भरायचं न्हाई. निजून घे. सकाळी लवकर उठायचंय."

सकाळी दव उतरायच्या आत ती विळा घेऊन पाणंदीत उतरली. ज्वारीचं पहिलं ताट धरताना हात आखडला. निसवलेल्या, दाणा भरलेल्या, पण अजून न पिकलेल्या पिकावर विळा चालवणं बाईमाणसाच्या हाताला जमत नाही, हाताला तशी सवयच नसते. तिनं डोळे मिटून पहिली मूठ कापली. मग उघड्या डोळ्यानं दुसरी. मग थांबली नाही. संस्कृती मागून पेंढ्या बांधत होती आणि काही विचारत नव्हती.

गाडीचा आवाज आला. चहाला निघालेला गहिनीनाथ वाटेतच थांबला. त्याला इंजिन बंद करायचंही सुचलं नाही.

"काकू! उभं पीक! अगं, हुरड्यात आलंय ते!"

"वाटंत उगवलेलं गवत हाय."

"कल्याण काय म्हणंल?"

"लाव की फोन. तुला तर तोंडपाठ असंल नंबर."

त्यानं खरंच लावला, आणि मोबाईल तिच्या कानाशी धरला. कल्याणचा आवाज गहिनीनाथलाही ऐकू जात होता.

"आय, येड लागलं का तुला? खायाला काय माती घालशील? ठिव तो इळा!"

"ठिवती. आधी मला एक सांग. पोरीला चारीत कुणी पाडलं? ट्रॅक्टरनं?"

"मग काय!"

"ती डांबरीनं कशापायी गेल्ती? घरापासून वाट हुती तिला. ती तू पेरलीस. ट्रॅक्टर नंतर आला, बाबा. आधी तुझी ज्वारी आली."

पलीकडं कोयत्यांचे आवाज येत राहिले. कुणीतरी हाक मारत होतं. मग फोनवर दुसराच आवाज आला, दम लागलेला.

"आत्याबाई, मी ज्योती. सगळी कापा. पोरीला टेम्पूत बसवू नका. ह्यांचं मी बघते."

बायडाबाईनं मोबाईल गहिनीनाथला परत दिला. नाकावर आलेला घाम पदरानं पुसला, घामच होता तो. मग त्याच्याकडं पाहून ओरडली, "भोंग्यागत उभा काय ऱ्हायलास? गाडी बंद कर अन् तिकडं लाव. हात हायेत का तेबी पोरांनी गाडीत बसवलेत?"

ज्वारी आडवी झाल्यावर पुढं सहादेवची बोराटी होती. सहादेव उसावर, पण त्याची आई सोनाबाई बांधावर कंबरेवर हात ठेवून उभी.

"आमच्या काटीला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते बायडे. माझ्या लेकानं टाकलीय."

"माझ्या लेकानं काय टाकलं हुतं ते मागं वळून बघ."

सोनाबाईनं पाहिलं. पेंढ्यांची रांग पाहिली, कणसं पाहिली. तिनं तोंडाला पदर लावला.

"अगं बया! हे तू कापलं?"

"मग काय तुझी वाळकी काटी ठिवू? माझ्या कणसापरीस ती जास्त हाय का?"

सोनाबाई पुटपुटली, लेकाला शिव्या घातल्या, बायडाबाईला घातल्या, आणि घरातून दोन फाट्यांची काठी घेऊन आली. काठीनं काटी उचलायची, पायानं दाबायची, ओढ्यात टाकायची. मागं राहिलेल्या आणखी दोघीतिघी म्हाताऱ्या आल्या. गुडघे धरत, एकमेकींचे उणेदुणे काढत, पण आल्या. गहिनीनाथ दर दोन ओढींनंतर बसायचा, आणि त्याला उठवायला बायडाबाईची जीभ पुरे होती. दुपारी ओढ्यात काट्यांचा ढीग पेटवला. निखारे पडले तशी सोनाबाई म्हणाली, "कणसं वाया कशाला घालवायची?" म्हणून त्यावर हुरडा भाजला.

हुरड्याचा वास गेला आणि गाव आलं. फटफटीवरून, तिघंतिघं. काल शिट्ट्या मारणारी पोरं आज मांडी घालून बसली. तळहातावर कणसं चोळली, फुंकर मारली, मीठ मागितलं. "आजी, लई भारी हाय," म्हणाली. एकानंही काटीला हात लावला नाही. खाऊन झाल्यावर कणसांची बुरकुंडं मोकळ्या झालेल्या वाटेवर टाकली आणि किक मारून गेली. बायडाबाई नुसती बघत बसली. शिवी द्यायचीही तिला शिसारी आली.

रविवारी फाट्यावर टेम्पोचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. बायडाबाई स्वतः चालत गेली आणि मुकादमाला म्हणाली, "पोरगी येत न्हाई. तिच्या जाग्यावर हे भाकरीचं फडकं ठिव, कल्याणला दे." मुकादम काहीतरी बोलला. तिनं ऐकलं नाही. टेम्पो गेला त्याचा धूर खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती.

सोमवारी संस्कृती पाणंदीनं निघाली. ज्वारीच्या कापल्या धसकटांमधून, धूळ उडवत, सायकल सरळ पळत होती. बायडाबाई मागून चालत आली. डोक्यावर पाटी, पाटीत भुसकट कालवलेलं शेण. गावाच्या तोंडाशी पोर थांबली होती. सिमेंटचा ओटा तसाच. बिभीषणनं शब्द दिला होता तो जेवणाच्या ताटाबरोबर उचलला गेला असावा. ओट्याच्या कडेला माणूस आडवं होऊन निघेल एवढी फट. पोरीनं सायकल उचलली, ओट्यावर ठेवली, पलीकडं उतरवली, आणि मागं न बघता शाळेकडं गेली. खरी सायकल सिमेंटच्या सायकलीशेजारून गेली ती एवढीच.

बायडाबाईनं पाटी उतरवली आणि ओट्यावर बसली. शेणाचा गोळा घेतला, दोन्ही हातांत फिरवला, थाप्प करून ओट्यावर मारला. मग दुसरा. जागा चांगली होती, दिवसभर ऊन. 'आमचं गाव' झाकलं गेलं. 'सायकलचं' अर्धं राहिलं.

चारचाकी येऊन थांबली. बिभीषण काच खाली करून ओरडला, "मावशी! काय हे! आज पेपरवाले फोटोला यायचेत!"

"येऊ दे की. हरित म्हणताव ना? ताजं शेण हिरवंच असतंय."

"वास किती यायलाय!"

"तुला येतोय? मला न्हाई येत. मला दुसराच येतो." तिनं गोळा उचलला. "माझ्या दारातली ज्वारी मी कापली. बघून ये, पायानं जा, आता जाता येतं. तू हा वटा काढ. ज्या दिवशी काढशील, त्या दिवशी मी गोवऱ्या उचलीन."

"आन् न्हाई काढला तर?"

"मला रोज शेण असतंय, बाबा."

बिभीषणनं नाकाला रुमाल लावला आणि काच वर घेतली. आत गारवा असेल. गाडी वळवायला जागा नव्हती, तो उलटी नेऊ लागला.

शेवटचा गोळा उरला होता. बायडाबाई उठली, हात उंच करून तो सिमेंटच्या सायकलच्या सीटवर थापला, बोटांनी चांगला दाबून बसवला. रिकाम्या पाटीखालची चुंबळ उचलून तिला हात पुसले, आणि तीच चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवून, वर पाटी घेऊन ती पाणंदीनं घरी निघाली. चुंबळ शालीची होती.